मार्था कुठे गेली?

शालेय स्नेहसंमेलनात हमखास टाळ्या घेणारे जे चार-पाच विषय ठरून गेले आहेत, त्यांत हेलन केलरचा क्रमांक बराच वरचा लागतो. आग्र्याहून सुटका, हुंडाबळी, ‘झाडे लावा’ आणि हेलन केलर. न दिसणारी, न ऐकणारी, न बोलणारी मुलगी. हट्टी, ओरबाडणारी, ताटे भिरकावणारी. तिला शिकवायला आलेली तरुण शिक्षिका. वीस मिनिटे झटापट. मग हातपंप, पंपाखाली धरलेला एक हात, दुसऱ्या हातावर बोटांनी लिहिलेली अक्षरे, मुलीच्या चेहऱ्यावर उमटलेला उजेड, आणि पडदा. प्रेक्षकांतल्या माता-भगिनी पदर डोळ्यांना लावतात. परीक्षकही माणसेच असतात. बक्षीस ठरलेले.

हे मी चेष्टेने लिहीत नाही. असे एक नाटुकले मी स्वतः लिहिले आहे, तीनदा बसवले आहे आणि तालुका पातळीवरची ढालही मिळवली आहे. आज त्या नाटुकल्याविरुद्ध, आणि ज्या थोर कलाकृतींवरून मी ते उचलले त्यांच्याविषयीही, चार शब्द लिहावेत असे वाटते. त्याचे कारण गेल्या वर्षीच्या तालमीत घडलेला एक प्रसंग. पण प्रसंगाकडे शेवटी येऊ. आधी कलाकृती.

विल्यम गिब्सन यांचे ‘द मिरॅकल वर्कर’ १९५७ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर आले, १९५९ साली ब्रॉडवेच्या रंगभूमीवर उभे राहिले आणि १९६२ साली आर्थर पेन यांनी त्याचा चित्रपट केला. शिक्षिकेच्या भूमिकेसाठी ॲन बँक्रॉफ्ट आणि हेलनच्या भूमिकेसाठी पॅटी ड्यूक, दोघींनाही ऑस्कर मिळाले. पुढे २००५ साली संजय लीला भन्साळी यांनी त्याच गोष्टीचा सांगाडा शिमल्यात नेऊन ‘ब्लॅक’ हा चित्रपट केला. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनी हेलन बहुधा या दोघांच्या पोटच्या आहेत. या साऱ्यांत समान असलेली कल्पना थोडक्यात अशी: पंपापूर्वी अंधार होता, पंपानंतर भाषा आली. मुलगी आधी जनावर होती, शब्द मिळाला आणि ती माणूस झाली.

आता खुद्द हेलन केलर काय सांगते ते पाहू. तिचे आत्मचरित्र ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ १९०३ साली प्रसिद्ध झाले. २७ जून १८८० रोजी अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावी ती जन्मली. एकोणीस महिन्यांची असताना आजारात दृष्टी आणि श्रवण गेले. ॲन सलिव्हन ३ मार्च १८८७ रोजी तिच्या घरी आली. पंपाचा प्रसंग ५ एप्रिलचा. म्हणजे मधली पाच वर्षे हेलन त्या घरात राहत होती, जेवत होती, भांडत होती, आणि माझे म्हणणे असे की ती बोलतही होती. तोंडाने नव्हे, अंगाने.

मान हलवली की नाही, मान डोलावली की हो. ओढले की ये, ढकलले की जा. पाव हवा असेल तर पावाचे काप करून लोणी लावण्याची हालचाल. आइस्क्रीम हवे असेल तर यंत्राचा दांडा फिरवल्याचा अभिनय आणि वर थंडीने शहारल्यासारखे करणे. या खुणा तिनेच लिहून ठेवल्या आहेत. त्यांत नुसती बोट दाखवण्याची क्रिया नाही. यंत्र फिरवणे आणि शहारणे या दोन हालचाली जोडून तिसरा अर्थ तयार करणे हा तर समासच झाला.

याहून मोठा पुरावा त्याच पुस्तकात आहे. केलर कुटुंबाच्या स्वयंपाकिणीची एक मुलगी होती, मार्था वॉशिंग्टन, हेलनपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, कृष्णवर्णीय. दोघींचा वेळ स्वयंपाकघरात आणि कोंबड्यांमागे जाई. गिनी कोंबड्या उंच गवतात घरटी लपवतात. ती अंडी शोधायला जायचे असले की हेलन दोन्ही मुठी वळून जमिनीवर टेकवी. म्हणजे गवतातली गोल वस्तू. मार्थाला ते नेहमी समजे. आणि अंडी सापडली की हेलन ती मार्थाला उचलू देत नसे. ती खुणांनी तिला बजावी की तू पडशील आणि अंडी फुटतील.

तीस वर्षे दहावीला व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला या ठिकाणी थांबावेच लागते. ‘तू पडलीस तर अंडी फुटतील’ हे संकेतार्थी वाक्य आहे. त्यात दोन क्रियापदे आहेत, अट आहे, भविष्यकाळ आहे, आणि जे अजून घडलेले नाही त्याची काळजी आहे. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांची उत्तरपत्रिकेत या वाक्याशी गाठ पडली की त्रेधा उडते. एक मुलगी ते मुठींनी आणि हातवाऱ्यांनी म्हणत होती, आणि दुसरी ते वाचत होती.

मग हेलनचे ते संताप, ते लोळण घेणे? तिनेच कारण दिले आहे. वय वाढले तशी सांगण्यासारखी गोष्ट वाढली, खुणा पुरेनाशा झाल्या, आणि समोरच्याला कळले नाही की तिचा तोल जाई. म्हणजे तो थयथयाट भाषा नसलेल्या जीवाचा नव्हता. सांगायचे खूप आहे आणि ऐकणारा कमी पडतो आहे, अशा माणसाचा होता. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नाटक-सिनेमा पाहून उठलेल्या प्रेक्षकाच्या हाती पहिलीच लागते.

ॲन सलिव्हनला हे कळले होते. तिची पत्रे त्याच पुस्तकात छापलेली आहेत. ती आली त्या दिवशी हेलनने तिची पिशवी चाचपली, कुलपाचे भोक शोधले, आणि किल्ली फिरवल्याची खूण करून पिशवीकडे बोट केले. पहिल्या भेटीतच विद्यार्थिनीने बाईंना स्वच्छ प्रश्न विचारला होता. पंपानंतर पाचच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात सलिव्हनने आपला बेत सांगितला आहे: तान्ह्या मुलाच्या कानाशी आपण जसे सतत बोलतो तसे हेलनच्या तळहातावर पुऱ्या वाक्यांत बोलायचे, आणि अडेल तिथे हावभावांची आणि हेलनच्याच खुणांची जोड द्यायची. शिक्षिकेने विद्यार्थिनीची जुनी भाषा फेकून दिली नाही, तिच्यावर नवी उभारली. सीमाभागातल्या शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको. पहिलीत कानडी घरातले मूल आले की त्याचे कानडी गप्प करून मराठी शिकवता येत नाही. ज्यांनी तसा प्रयत्न केला त्यांचे वर्ग गप्पच राहिले.

आता न्यायाने बोलायचे तर पंपाचे महत्त्व मी नाकारत नाही. खूण आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक वस्तूला नाव असते ही जाणीव हेलनला पंपावर झाली, आणि तिथून जग उघडले, हे तिचे स्वतःचे म्हणणे आहे. गिब्सन यांनीही खुणा अगदीच गाळल्या नाहीत. आईसाठी गालाला हात लावण्याची खूण त्यांच्या नाटकात आहे. आणि जेवणघरातली ती प्रसिद्ध झटापट! कित्येक मिनिटे संवाद नाही. दोन शरीरे एकमेकींना ‘नाही’, ‘हो’, ‘पुन्हा नाही’ म्हणताहेत. चित्रपटात तो प्रसंग पाहताना माझ्या मनात येते की हालचालीतून चाललेले ते या कलाकृतीतले सर्वांत खरे संभाषण आहे, कारण तिथे दोघीही बोलतात आणि दोघीही उत्तर देतात. पंपाचा प्रसंग त्या मानाने एकतर्फी आहे.

माझी तक्रार मार्थाची आहे. ती नाटकाच्या आरंभी दिसते, पण भांडणापुरती. हेलन किती आवरेनाशी आहे हे दाखवण्यासाठी. मुठी जमिनीवर टेकल्या की ‘अंडी’ समजणारी मार्था दिसत नाही. माझ्या नाटुकल्यात तर ती नव्हतीच. कारण उघड आहे. चमत्कार दाखवायचा तर आधी काळोख पूर्ण हवा. कोपऱ्यात कुणी पणती घेऊन बसलेले असेल तर पंपावरची वीज फिकी पडते. म्हणून पणती विझवायची. नाटककाराची ही गरज मला समजते. पण तिची किंमत कोण देतो, हेही समीक्षकाने विचारले पाहिजे.

‘ब्लॅक’मध्ये लहानग्या मिशेलच्या कमरेला घंटा बांधलेली असते. ती कुठे आहे हे घरच्यांना कळावे म्हणून. शिक्षक देबराज येतो आणि ती घंटा काढून टाकतो. भन्साळींच्या चित्रपटात नेपथ्य भारी, पार्श्वसंगीत भारी, अमिताभ बच्चन तर अनेकदा फारच भारी. पण ही घंटा मात्र खरोखर मोठ्या प्रतिभेची खूण आहे. गळ्यात घंटा बांधलेले गुरू आम्ही रोज पाहतो. घंटा जनावर कुठे आहे ते सांगते, त्याला काय हवे ते सांगत नाही. न बोलणाऱ्या माणसाच्या हालचालीकडे बहुतेक घरे आणि बहुतेक शाळा घंटेसारख्याच पाहतात: उठला का, पडला का, कुठे गेला. ‘काय म्हणाला’ हा प्रश्न येतच नाही. चित्रपटाच्या अखेरीस विस्मरणाने भाषा गमावलेला देबराज आणि पदवीचा झगा घालून आलेली मिशेल खिडकीशी उभे राहून पावसात हात धरतात. आता वाचणारी ती आहे आणि वाचला जाणारा तो. त्या एका प्रसंगासाठी मी चित्रपटाचा आधीचा बराच गोंगाट माफ करतो.

मात्र या विषयावरचा आपल्याकडचा खरा चित्रपट मला विचाराल तर मी गुलजार यांच्या ‘कोशिश’चेच नाव घेईन. १९७२ सालचा. संजीवकुमार आणि जया भादुरी. बोलू-ऐकू न शकणारे हरी आणि आरती भेटतात, लग्न करतात, मूल गमावतात, पुन्हा उभे राहतात. त्यात चमत्कार नाही, कुणालाही वाचा फुटत नाही. दोघे एकमेकांशी हातांनी बोलतात आणि कॅमेरा घाई न करता थांबतो. कधी प्रेक्षकाला अर्थ लागतो, कधी लागत नाही, आणि न लागण्याची ती लाज दिग्दर्शक आपल्यावर सोडून देतो. शेजारचा नारायण (ओम शिवपुरी) आंधळा. हरीला बोलता येत नाही, नारायणाला दिसत नाही. खूण करावी तर तो पाहणार नाही, आणि त्याने बोलावे तर हा ऐकणार नाही. तरी त्यांची मैत्री होते, ती स्पर्शाने. तिथे कोण कुणाला शिकवतो आहे असे काही नाही. दोघे मार्था आहेत.

मराठीत १९९१ सालचा ‘चौकट राजा’ सर्वांच्या स्मरणात आहे. दिलीप प्रभावळकरांचा नंदू बोलतो, पण थोडे. उरलेले त्याची मान, त्याचे हात आणि त्याची चाल बोलते. त्या अभिनयाची प्रशंसा पुष्कळ झाली आहे. मी एका वेगळ्या गोष्टीची नोंद करतो. चित्रपटानंतर कितीतरी वर्षे संमेलनांत मुले नंदूची नक्कल करीत आणि सभागृह हसे. प्रभावळकरांनी अतीव ममतेने उभी केलेली चाल मुलांच्या हाती पडली आणि थट्टा झाली. शरीर तेच, हालचाल तीच. मग बिघडले कुठे?

याचे उत्तर मला रंगभूमीच्या बाहेर सापडले. इंग्लंडमध्ये व्हेरोनिका शेरबोर्न (१९२२–१९९०) नावाच्या शिक्षिका होऊन गेल्या. नृत्य आणि हालचालीचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांच्या त्या शिष्या. मतिमंद म्हणून बाजूला ठेवलेल्या, बोली नसलेल्या मुलांबरोबर त्या जमिनीवर बसत. मुलाला मांडीत घेऊन डोलणे, लोळणे, पाठीला पाठ लावून ढकलणे, एकमेकांचा भार तोलणे. या खेळांतली नाती त्यांनी तीन प्रकारची सांगितली: एकाने दुसऱ्याला सांभाळणे, दोघांनी एकमेकांविरुद्ध जोर लावणे, आणि दोघांनी मिळून तोल राखणे. त्याच देशात पुढे मेलनी नाइंड आणि डेव्ह ह्युएट यांनी आणखी एक वाट रूढ केली: बोली नसलेली व्यक्ती जी हालचाल किंवा आवाज करील त्याला त्याच जातीचे उत्तर द्यायचे आणि मग थांबायचे. त्याने बोटे टकटक वाजवली तर आपणही वाजवायची, आणि वाट पाहायची.

इथे माझा गुंता सुटला. हीसुद्धा वरवर नक्कलच आहे. पण नक्कल करणारा प्रेक्षकांकडे तोंड करतो, आणि उत्तर देणारा त्या माणसाकडे. नक्कल करणारा हशा झाला की निघून जातो. उत्तर देणारा पुढच्या हालचालीची वाट पाहत थांबतो. आपल्या नाट्यशास्त्राने अभिनयाच्या चार प्रकारांत आंगिकाला पहिले स्थान दिले, पण तो अभिनय रसिकासाठी आहे. ज्याला अंगाखेरीज दुसरी वाचाच नाही त्याला रसिक नको असतो, उत्तर हवे असते.

आता तो प्रसंग. गेल्या वर्षी नाटुकले चौथ्यांदा बसवायला घेतले. सहावीतली एक मुलगी गटाच्या गाण्यात होती. शाळा सुटल्यावर तिची आई तिच्या थोरल्या भावाला तालमीच्या ठिकाणी आणून सोडी आणि कामाला जाई. मुलगा तेरा वर्षांचा. जन्मतःच मेंदूला इजा झालेली, हात वाकडे, ऐकू नीट येते, पण तोंडातून दोनच आवाज निघतात. तो भिंतीला टेकून बसे. बहीण गाता गाता मधेच त्याच्याकडे पाही, तो खांदा उडवी, ती त्याला पाणी नेऊन देई. मी हे पाहिले होते, पण पाहिले म्हणजे घंटा ऐकावी तसे.

एके दिवशी आमची हेलन ताट भिरकावण्याचा सराव करीत होती. मी ओरडत होतो, “अजून चिडून! अजून!” तो मुलगा अस्वस्थ झाला, जमिनीवर टाच आपटू लागला. मी बहिणीला म्हटले, “अगं, त्याला बाहेर ने, घाबरला तो.” ती म्हणाली, “घाबरला नाही सर. तो इचारालाय, ती आसं का करालीय? तिला काय पायजे ते कुणी इचारत का नाही म्हणून.”

तालीम तिथेच थांबली. एका टाचेच्या आपटण्यात त्या मुलाने माझ्या संहितेची जी समीक्षा केली ती कोणत्याही परीक्षकाने केली नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. तीन वर्षांपूर्वी त्याची आई त्याला घेऊन माझ्याकडे प्रवेशासाठी आली होती. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा माझ्या कपाटात होता. मी म्हटले, “आमच्याकडे सोय नाही हो.” त्या दहा मिनिटांत मी आईशी बोलत होतो. मुलगा शेजारी उभा होता, आणि तो काही म्हणाला असला तर मी वाचले नाही. वर्षातून एकदा हेलन केलरसाठी टाळ्या घेणाऱ्या माणसाने ते केले.

मार्थाविषयीही एक कडू गोष्ट नोंदवली पाहिजे. हेलनने मोकळेपणाने लिहिले आहे की तिला मार्थावर हुकूम गाजवायला आवडे आणि मार्था ते मुकाट्याने सोसत असे. १८८० च्या दशकातले अलाबामा, गुलामगिरी कायद्याने संपून वीसेक वर्षे झालेली. मालकाच्या हाताची खूण नोकराच्या मुलीला वाचावीच लागते. आपल्याकडेही न बोलणाऱ्या मुलाची भाषा घरात कोणाला येते? आजीला, बहिणीला, कामवालीला. बापाला क्वचित, मुख्याध्यापकाला जवळजवळ कधीच नाही. त्या सहावीतल्या मुलीची त्या वर्षीची हजेरी मी नंतर काढून पाहिली. आई कामावर गेली की भावासाठी तिला घरी राहावे लागे. मार्थेचे कौतुक करून भागत नाही. तिच्या एकटीवर पडलेले काम वाटून घ्यावे लागते.

यंदा जूनपासून तो मुलगा आमच्या शाळेत येतो. शिकवणे जमते आहे असा दावा मी करणार नाही. खांदा उडवणे म्हणजे पाणी, टाच म्हणजे प्रश्न, आणि मान मागे टाकून केलेला एक आवाज म्हणजे ‘पुरे करा सर’, एवढे वर्गातल्या मुलांनी बहिणीकडून शिकून घेतले आहे. शेवटची खूण मी सर्वांत आधी शिकलो.

नाटुकले या डिसेंबरात पुन्हा करायचे आहे. पंप ठेवला आहे, कारण तो खरा आहे. पण पडदा उघडतो तेव्हा रंगमंचावर ताटांची आदळआपट नाही. दोन मुली गवतात वाकल्या आहेत. एकीने मुठी जमिनीवर टेकवल्या आहेत, आणि दुसरी अंडी शोधायला निघाली आहे.